घरच्या रानात लग्न करायचंय? आधी गुंठे मोजा

मंगल कार्यालयाचं भाडं ऐकून आमच्या चुलत्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "एवढ्या पैशात आपल्या रानात दोन लग्नं होतील." झालं एकच, आणि खर्च कार्यालयाच्या पुढे गेला. वर कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ सापडेना, कारण तो डिझेल आणायला गेला होता.

चूक हिशेबाची होती. कार्यालयाचं भाडं आपल्याला छपराचं भाडं वाटतं. पण त्यात फरशी असते, नळ असतो, संडास असतो, खरकटं पाणी वाहून नेणारं गटार असतं, गेटवरचा वॉचमन असतो. रानात यातली एकेक गोष्ट आणावी लागते, आणि जी आणायची राहते ती लग्नाच्या दिवशीच आठवते. त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातल्या आणखी तीन रानातल्या लग्नांत मी राबलो. पहिल्यांदाच असा घाट घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हिशेब हजार पाहुण्यांचा आणि एप्रिल-मे महिन्यांचा धरलाय. तुमचे पाहुणे पाचशे असतील तर निम्मे करा, पण संडास निम्मे करू नका.

आधी गुंठे

मांडव केवढा हवा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जागा किती आहे. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एकर म्हणजे ४० गुंठे.

हजार पाहुणे एकाच वेळी बसत नाहीत. सहाशे खुर्च्या पुरतात. खुर्चीमागे पायवाटेसकट आठ चौरस फूट धरले, स्टेज आणि मधली मोठी वाट मिळवली, की अक्षतांच्या मांडवाला सहा गुंठे लागतात. जेवणाला एका वेळी अडीचशे माणसं बसवायची तर टेबल-खुर्चीला माणशी बारा चौरस फूट धरून तीन गुंठे. भटारखाना, कोठी, भांडी घासायची जागा मिळून आणखी तीन. झाले बारा.

आता गाड्या. वळायच्या जागेसकट एका गुंठ्यात चारच चारचाक्या नीट लागतात. शंभर चारचाक्यांना पंचवीस गुंठे आणि दोनशे मोटरसायकलींना पाच. म्हणजे माणसांना बारा आणि गाड्यांना तीस! एकूण एकराच्या वर गेलं. नवख्यांचा अंदाज चुकतो तो इथेच. मांडवापुरती जागा बघून सगळे खूश होतात आणि लग्नाच्या दिवशी फाट्यापर्यंत रस्ता तुंबतो. घरची जागा पुरत नसेल तर शेजाऱ्याचं रिकामं रान गाड्यांसाठी आधीच मागून ठेवा आणि त्याच्या बांधाला पत्रिका पहिली द्या.

जमीन कशी आहे

मुरमाड माळ असेल तर तुम्ही नशीबवान. काळी माती असेल तर एक सर पुरते. टायरला चिखलाचे लोंदे चिकटतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून काळ्या रानात निदान आत येण्याच्या वाटेवर आणि टँकर, जनरेटर, भाजीचा टेम्पो जिथे उभे राहणार तिथे मुरूम टाकून दाबून घ्या. तो खर्च वाया गेला असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

ज्वारी काढलेलं रान दिसायला सपाट, पण त्यात धसकटं असतात. ती चपलेतून पायात घुसतात. रोटाव्हेटर मारला की धसकटं जातात, पण माती एवढी भुसभुशीत होते की पहिल्या शंभर माणसांच्या पायांनी फुफाटा उडतो आणि नवरीचा शालू गुडघ्यापर्यंत मातकट होतो. आमच्याकडे जमलेला उपाय असा: महिनाभर आधी कुळवून धसकटं वेचायची, फळी मारून सपाट करायचं, मग आठवडाभर दोन दिवसांआड पाणी शिंपडून रोलर फिरवायचा. शेवटचं पाणी मांडव उभा राहायच्या दोन दिवस आधी. मॅटिंगखाली ओल राहिली तर बुरशीचा वास येतो आणि खुर्च्यांचे पाय रुततात.

जमीन तयार झाली की फक्की घेऊन सगळं आखून टाका. कबड्डीचं मैदान आखतात तसंच. स्टेज इथे, भटारखाना तिथे, जेवणाची बाजू, संडास, दोन गेट, जनरेटर. आखलेल्या रेषांतून घरातल्या एखाद्या आजीला चालत न्या. खुर्चीपासून संडासापर्यंत तिला किती वेळ लागतो ते बघितलं की अर्धे बदल आपोआप सुचतात.

स्टेजची दिशा ठरवताना उन्हाचा विचार करा. गोरज मुहूर्त असेल तर पाहुण्यांची तोंडं पश्चिमेकडे नकोत. मंगलाष्टका होईपर्यंत सगळे डोळ्यांवर पत्रिका धरून बसतात. वाऱ्यासाठी आठवडाभर संध्याकाळी मूठभर माती उडवून बघा. धूर मांडवात येणार नाही अशा बाजूला भट्टी ठेवा.

मांडव घालण्याआधी एकदा मान वर, एकदा खाली

वर बघा. विजेची तार असेल तर तिच्याखाली मांडव नाहीच, लोखंडी पाइपांचा तर मुळीच नाही. गाड्या लावायच्या रानातही तार लोंबती असेल तर उंच वाहन तिथे नेऊ नका.

मग झाडं बघा. आंब्यावर, वडावर आग्या मोहोळ आहे का? खाली भट्टी पेटली, धूर वर गेला, की मोहोळ उठतं. आग्या माश्यांनी डसून वऱ्हाड पांगल्याच्या घटना महाराष्ट्राला नव्या नाहीत. मोहोळ दिसलं तर भट्टीची आणि बँडची जागा बदला. जवळ असेल तर जाणकार माणसाकडून आधीच हलवून घ्या, लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे.

खाली बघा. कठडा नसलेली विहीर असेल तर तिच्याभोवती जाळी, दिवा आणि एक माणूस. लहान मुलं लग्नात कुठे असतात हे त्यांच्या आयांनाही ठाऊक नसतं. दगडांचे ढीग हलवून घ्या, विंचू निघतात. आणि कडब्याची गंजी. ती जवळ असेल तर शोभेची दारू उडवायची नाही, हे नवरदेवाच्या मित्रांना आधी सांगा. सांगूनही ऐकणार नाहीत, म्हणून गंजीच हलवा.

मांडववाल्याशी बोलताना

दाट तिथीच्या दिवशी चांगला मांडववाला चार-पाच महिने आधीच अडकलेला असतो. म्हणून तारीख निघाली की पहिला फोन त्याला. इसार देताना कागदावर काय लिहायचं ते सांगतो, कारण भांडणं इथेच होतात. मांडव किती बाय किती फूट, कापडी की पत्र्याचा की वॉटरप्रूफ, कनाती किती बाजूंनी, मॅटिंग आणि गालिचा धरून की वेगळा, खुर्च्या किती आणि त्यांना कव्हर आहे का, उभा कधी करणार, सोडणार कधी, आणि वारा-पाऊस आला तर त्याची किती माणसं मांडवात हजर राहणार. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. दोर, पहार आणि घण घेतलेली निदान चार माणसं मुक्कामाला ठेवायचं कबूल करून घ्या. वळीव येतो तेव्हा त्यांचा मालक दुसऱ्या गावातल्या लग्नात असतो.

आपला वळीव बहुधा दुपारनंतर उठतो. म्हणून मी गोरज मुहूर्तापेक्षा सकाळचा किंवा दुपारचा मुहूर्त सुचवतो, ऊन लागलं तरी. पत्र्याचा मांडव पावसाला बरा पण दुपारी तापतो. कापडी मांडव हवेशीर पण गळका. वॉटरप्रूफ मांडवाच्या छताला उतार हवा, नाहीतर पाणी साठून पोट सुटतं आणि मग एकदम खाली येतं. मांडवाभोवती वीतभर खोल चर खणून उताराकडे काढून द्या. हे काम घरच्या माणसांनी एका सकाळी होतं.

आगीचं बोललंच पाहिजे. डिसेंबर १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीत एका समारंभाच्या मांडवाला आग लागून चारशेहून जास्त माणसं गेली. सिंथेटिक कापड, आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नाही. तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. त्यातलं घरच्या माणसानं लक्षात ठेवावं ते एवढंच: छत किमान तीन मीटर उंच, वर विजेची तार नको, सिंथेटिक कापड आणि दोर टाळायचे. आता वॉटरप्रूफ म्हटलं की सिंथेटिक आलंच, हे मान्य. म्हणून आग लवकर पकडणार नाही अशी प्रक्रिया केलेलं कापड आहे का ते विचारा. नसेल तर सजावटीच्या झालरी आणि प्लॅस्टिकची फुलं निदान दिव्यांपासून लांब ठेवा. कनात चारही बाजूंनी शिवल्यासारखी बांधू देऊ नका. दोन-तीन बाजूंना रुंद वाटा उघड्याच राहू द्या. भट्टी मांडवाबाहेर, निदान पन्नास फुटांवर. सिलिंडर भट्टीच्या कडेला रचायचे नाहीत. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी भटारखान्याजवळ, स्टेजमागे आणि जनरेटरपाशी ठेवा. ती चालवणारा माणूस कोण, हेही ठरवा.

मुहूर्तमेढ रोवायची जागा मांडववाल्याला आधी दाखवा. एका लग्नात आम्ही पूजा करून रोवलेली मेढ त्याच्या पोरांनी "मध्ये येतेय" म्हणून उपटली होती. घरातल्या बायकांनी त्या दिवशी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

वीज

शेतीपंपाच्या कनेक्शनवर लग्न करायचं नाही. एकतर ती वीज वेळापत्रकानं येते आणि जाते. दुसरं, ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला ती वापरणं बेकायदा आहे. तारेवर आकडा टाकणं तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे चोरीच. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीसाठी वेळेत अर्ज करा, आणि जोडणी मिळाली तरी जनरेटर घ्याच.

केवढा घ्यायचा याचा हिशेब सोपा आहे. सगळ्या वस्तूंचे वॅट लिहून काढा. वीस कुलर प्रत्येकी दोनशे वॅटचे, म्हणजे चार किलोवॅट. तीस फर्राटा पंखे मिळून साडेतीन-चार. एलईडी फ्लड मिळून तीन. साउंड सात-आठ. स्टेजची सजावट, एलईडी स्क्रीन, मिक्सर, फ्रीज मिळून सहा-सात. बेरीज झाली पंचवीसच्या आसपास. जनरेटर केव्हीएत मिळतो, म्हणून ०.८ ने भागा: एकतीस. मोटारी सुरू होताना जास्त ओढतात, शिवाय ऐन वेळी कुणीतरी कॉफीचं मशीन लावतंच, म्हणून ६२.५ केव्हीएचा घ्या. भार निम्मा असला तरी ताशी सात-आठ लिटर डिझेल जातं. हळदीच्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्रीपर्यंतचे चालू तास मोजून डिझेल आधीच आणून ठेवा, मांडवापासून लांब, सावलीत. आणि ते आणण्याची जबाबदारी नवरीच्या भावाला देऊ नका.

वायरमनला तीन गोष्टी विचारा: अर्थिंग केलंय का, शॉक बसू लागला तर वीज तोडणारा ब्रेकर बसवलाय का, आणि माणसांच्या वाटेवरून जाणारी केबल कुठून नेणार. केबल मॅटिंगखालून नेली तर हजार पायांखाली तिचं वेष्टण फाटतं. खांबांवरून वरती न्या. आदल्या रात्री सगळे दिवे, कुलर, साउंड एकदम लावून अर्धा तास चालवून बघा. जे जळायचं ते तेव्हाच जळू दे.

कुलर सोलापूर, मराठवाडा, विदर्भात उपयोगी. कोकणातल्या दमट हवेत त्यांच्यावर पैसे घालवू नका, पंखेच वाढवा.

पाणी आणि संडास

पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरा. सांडलवंड त्यात आली. हजार माणसांना वीस लिटरचे दीडशे जार. वापरायला माणशी दहा लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. दुसऱ्या टँकरवाल्याचा नंबर खिशात ठेवा. हात धुवायच्या जागी तासाभरात चिखल होतो आणि तिथेच म्हातारी माणसं घसरतात. तिथे खडी टाका आणि पाणी चरातून झाडाकडे काढून द्या.

संडासाचा विषय पुरुषांच्या बैठकीत निघतच नाही, आणि निघाला तर "रान मोकळंच आहे की" असं कुणीतरी म्हणतं. त्या माणसाला बैठकीतून उठवा. हजार पाहुण्यांना निदान दहा फिरती शौचालयं आणा, त्यातली सहा बायकांसाठी. दिवा आत हवा, कडी आतून लागायला हवी, बादली-मग आणि साबण हवा, आणि दर तासाला साफ करणारं माणूस हवं. एकात खुर्चीचा कमोड. बायकांची बाजू पुरुषांच्या बैठकीसमोर उघडणारी नको. आमच्या पहिल्या लग्नात आलेल्या एका मावशी सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. हे आम्हाला नंतर कळलं.

जेवण

आकडा पत्रिकांवरून काढू नका, आवतणावरून काढा. घरटी एक आवतण असलं तरी घरामागे दोन माणसं धरा, चूलबंद म्हणजे सगळ्या घराला आवतण असेल तर पाच. गावातल्या घरांची यादी करून प्रत्येकापुढे हे लिहा, मग बाहेरगावचे मिळवा. आचाऱ्याला खरा आकडा सांगा. शंभर माणसं वाढवून सांगितली तर तोही स्वतःची शंभर वाढवतो आणि पहाटे बुंदीच्या पाट्या वाटत फिरावं लागतं.

मसालेभाताला माणशी ऐंशी ते शंभर ग्रॅम तांदूळ लागतो. हजाराला क्विंटलभर पुरेसा झाला. अडीचशेची एक पंगत उठायला अर्धा तास, म्हणजे चार पंगतींना दोन तास. वीस-पंचवीस पानांमागे एक वाढपी. बुफे लावलात तर एकाच टोकाला सगळे काउंटर लावू नका. त्याच पदार्थांच्या दोन-तीन रांगा वेगवेगळ्या बाजूंना मांडा.

उन्हात टिकणारं ठेवा. जिलेबी, बुंदी, मठ्ठा, वांग्याचा रस्सा. बासुंदी आणि खव्याचे पदार्थ मे महिन्यात रानात करणं हा धाडसाचा भाग आहे. शिजलेलं अन्न एकतर वाफाळतं ठेवा नाहीतर दोन तासांत संपवा. मठ्ठ्यात बर्फ टाकायचा नाही, बर्फात मठ्ठ्याचं पातेलं ठेवायचं. कारखान्यातला अखाद्य बर्फ निळसर करायचा नियम आहे, तो ओळखा. थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी किंवा स्टीलची ताटं घ्या, ताटं घेतलीत तर धुण्याचं पाणी वरच्या हिशेबात वाढवा.

परवानग्या आणि रस्ता

ग्रामपंचायतीला कळवा, लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, आणि गोरज मुहूर्ताची वरात हमखास त्यात अडकते. वरात मोठ्या रस्त्यावरून न्यायची असेल तर तेही अर्जात लिहा.

गाड्यांना आत यायचं गेट एक, जायचं दुसरं. फाट्यावर बोर्ड लावा आणि नकाशाची लिंक आदल्या दिवशी पाठवा, पण ती स्वतः गाडीत बसून तपासा. आमची लिंक पाहुण्यांना ओढ्याच्या पलीकडे सोडत होती. बारा-पंधरा फुटांची एक वाट रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवा. तिथे कुणी, अगदी आमदारांनी आणली तरी, गाडी लावायची नाही. एक ट्रॅक्टर आणि जाड दोर रुतलेल्या गाड्यांसाठी तयार ठेवा. १०८ आणि ११२ हे नंबर स्टेजमागे मोठ्या अक्षरांत चिकटवा.

आदला दिवस आणि तो दिवस

एक वही करा. पाणी, वीज, मांडव, भटारखाना, गाड्या, संडास, जानवसा, प्रत्येकापुढे एकच नाव आणि एकच फोन. ही माणसं चुलत-मावस घ्या, सख्खी नकोत. आई-बाप, मामा आणि भाऊ यांना अंतरपाटाजवळ उभं राहायचं असतं. पैसे चुकते करायचं पाकीटही सख्ख्याच्या हातात देऊ नका.

हवामान खात्याचा इशारा तीन दिवस आधीपासून बघत राहा. विजांचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं दामिनी ॲप दोन-तीन जणांच्या फोनवर ठेवा. गावातली शाळा किंवा देवळाचा सभामंडप पर्याय म्हणून आधीच मागून ठेवा. ढग भरून आले तर पंचांगाकडे बघत बसू नका. गुरुजींशी आधी बोलून ठेवलं असेल तर अक्षता अर्धा तास पुढेमागे होतात. वारा सुटला की स्पीकर आणि सजावटीची वीज आधी तोडा, माणसांना खांबांपासून बाजूला करा, आणि मांडव सांभाळायचं काम मांडववाल्याच्याच माणसांना करू द्या. खांबाला लटकून मांडव धरणारे हौशी पाहुणे दरवेळी निघतात. त्यांना ओढून काढा. विजा कडाडत असतील तर झाडाखाली कुणी नको. पक्क्या इमारतीत किंवा बंद चारचाकीत बसवा.

दुसऱ्या दिवशी

मांडव उजेडात सोडायला लावा. भांडी आणि खुर्च्या मोजून परत करा, मोजताना तुमचा एक माणूस आणि त्यांचा एक. खांबांचे खड्डे भरून घ्या. उरलेलं अन्न रात्रीच वाटलं गेलं पाहिजे, सकाळी ते कुणाला देऊ नका.

मग रान वेचा. सुतळ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, फुलांच्या तारा, पिना. पुढच्या महिन्यात इथे पेरणी आहे, आणि त्याआधी गुरं सोडली तर प्लॅस्टिक तीच खाणार. खिळे डोळ्यांना दिसत नाहीत. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधा आणि मांडवाच्या जागेवरून पोरांना ओढत फिरवायला लावा. आम्ही पहिल्यांदा फिरवलं तेव्हा किलोभर खिळे निघाले, आणि एक जोडवं.